सिस्टर, तुम्ही आधी स्वतः खोकलात

सिस्टर,

बाबांना घरी आणून आज सतरा दिवस झाले. पत्र आधीच लिहायचं होतं. लिहायला बसले की डोळे भरून यायचे आणि मग मी भांडी घासायला उठायचे. आज मिरगाचा पाऊस लागला आहे आणि बाबा शेजारच्या खोलीत पेटीचा भाता हलवून बघताहेत. सूर धरत नाहीत, नुसता भाता. म्हटलं, आता लिहून टाकावं.

आम्ही तुम्हाला आठवत असू की नाही, कोण जाणे. बांबोळीच्या तुमच्या इस्पितळात गोव्यातली पेडण्यापासून काणकोणापर्यंतची माणसं येतात, सिंधुदुर्गातलीही येतात. खूण सांगते. कोपऱ्यातली खाट, उजव्या कुशीतून दोन नळ्या, खाली दोन बाटल्या, आणि कोणी 'खोका' म्हटलं की भिंतीकडे तोंड फिरवणारा म्हातारा.

गोमेकॉत, म्हणजे गोवा मेडिकल कॉलेजच्या या इस्पितळात, येण्याआधीचे पाच आठवडे मी विसरायला बघते, जमत नाही. आमच्या भागातल्या एका खासगी दवाखान्यात बाबांच्या तापावर तीनदा गोळ्या बदलून मिळाल्या. एक्स-रे काढूया का, असं मी दोनदा विचारलं. 'डॉक्टर तुम्ही की मी?' हे उत्तरही दोनदा मिळालं. स्टेथोस्कोप लागला तो एकदाच, तोही शर्टावरून, फोनवर बोलता बोलता. न्यूमोनियाने छातीत पाणी साचलं, पाण्याचा पू झाला, पुवाची जाड साल फुफ्फुसावर चढली, आणि आम्ही इकडे आल्याचा काढा पाजत होतो. ती साल सोलून काढल्याशिवाय आत आवळलेलं फुफ्फुस फुगणार नाही, एवढं मला समजलं. ऑपरेशनबद्दल यापुढे काही लिहीत नाही. ज्यांनी ते केलं त्यांच्या पाया पडून झालं आहे.

मला सांगायचंय ते त्यानंतरच्या तिसऱ्या रात्रीचं.

बरगड्या फाकवून केलेलं ऑपरेशन, खोकला म्हणजे सुरीच. आणि जो येईल तो सांगत होता, खोका. कफ आत राहिला तर पुन्हा न्यूमोनिया, फुफ्फुस फुललं नाही तर मोकळी झालेली जागा पुन्हा भरणार. तीन गोळ्यांचं ते प्लास्टिकचं यंत्रही दिलं होतं, श्वास ओढून गोळ्या वर चढवायच्या. सहाशे आकड्याची पहिली गोळी थरथरायची आणि बसायची. मी दिवसभर नळीतलं पाणी बाबांच्या श्वासाबरोबर वरखाली होताना बघत राहायचे. जरा थांबल्यासारखं वाटलं की माझाच श्वास अडकायचा.

त्या रात्री बाबांच्या छातीत घरघर सुरू झाली. मी आधी विनवलं, मग ओरडले, मग रडले. टाक्यांपेक्षा माझं ओरडणं त्यांना जास्त लागलं असणार, हे आज कळतं.

तुम्ही आलात. कपाटातून धुतलेली चादर काढलीत, तिची घट्ट वळकटी केलीत, आणि बाबांच्या छातीला लावायच्या आधी ती स्वतःच्या छातीशी कवटाळून खोकलात. लाजत, तोंडावर हात धरून नव्हे. पोटातून, गडगडून, असं की पलीकडच्या खाटेवरचा माणूस उठून बसला. मग वळकटी बाबांच्या हातात देऊन म्हणालात, "अंकल, हांव खोंकतां, तुमी साथ दियात."

साथ हा शब्द तुमच्या तोंडून सहज गेला असेल. हा माणूस चाळीस वर्षं भजनाला पेटीची साथ करतो, हे तुम्हाला कुठे ठाऊक होतं! वास्कोच्या दामोदर सप्ताहात नागपंचमीच्या दुसऱ्या दिवसापासून चोवीस तास अखंड भजन चालतं. तिथे पहाटे तीन-चारला गवयांचे गळे बसलेले असतात, पण बाबांनी साथ सोडलेली मी कधी पाहिली नाही. (तो सप्ताहही म्हणे साथीच्या रोगामुळेच सुरू झाला. हे बाबांचं आवडतं वाक्य, वॉर्डात निदान दोघांना ऐकवून झालं होतं.) कोणी साथ मागितली आणि दिली नाही, असं या माणसाला जमतच नाही.

बाबा खोकले. तुम्ही पुन्हा, बाबा पुन्हा. चौथ्या खेपेला तो घट्ट गोळा बाहेर पडला आणि तुम्ही ट्रेमध्ये बघून "वा!" म्हणालात, तबलजी समेवर आल्यावर म्हणतात तशी. कफाला दाद मिळालेली मी पहिल्यांदाच पाहिली. बाबांना हसू आलं, हसताना दुखलं, म्हणून त्यांनी तुम्हाला कोंकणीत एक शिवी हासडली. तीही तुम्ही हसून घेतलीत.

तुम्हाला नुसतं सांगून पुढच्या खाटेकडे जाता आलं असतं. सगळ्यांनी तेच केलं होतं, मीसुद्धा.

माणसांचं काही कळत नाही, सिस्टर. आमचे एक नातेवाईक शहाळं घेऊन भेटायला आले आणि बाबांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले, "आता पेटी कोणाला तरी देऊन टाका." आणि शेजारच्या खाटेवरच्या काणकोणकराची बायको, जिचं आमचं ना नातं ना गोतं, रोज अकराला आपल्या डब्यातली पेज आणि मिठातली कैरी माझ्यापुढे सरकवायची. "तूं खा, मागीर रड," म्हणायची. मी खायचे. रडायचं बहुतेक वेळा राहून जायचं.

माझी आजी गोमेकॉला अजून 'पणजेचं इस्पितळ' म्हणते. मांडवीकाठच्या त्या जुन्या इमारतीत, जिथे आता चित्रपट महोत्सवाची गर्दी होते, आजोबा वारले. इस्पितळात गेलेलं माणूस परत येत नाही, हे तिचं तेव्हापासूनचं मत. तुमची गोष्ट सांगितली तर दोनदा विचारलं, "ती स्वतः खोकली?" मग उठून देवापुढे तुमच्या भल्यासाठी गाऱ्हाणं घातलं. सिस्टरांच्या गळ्यात खुरीस, म्हणजे क्रूस आहे, म्हटलं. "मग काय झालं?" म्हणाली. तसे बाबाही घरी येताना बांबोळीच्या फुलांच्या खुरसापाशी गाडी थांबवायला लावून, उतरता येईना म्हणून, माझ्या हातून फुलं घालवूनच पुढे आले.

तुमची चादर वॉर्डातच परत केली. घरी बाबांनी सप्ताहात मिळालेल्या एका शालीची वळकटी केली आहे, ती कोणाला हात लावू देत नाहीत. काल नऊशेची गोळी वर गेली. तिसरी अजून बसून आहे. नागपंचमीच्या आत चढवतो, म्हणतात. डॉक्टरांनी पेटीला इतक्यात परवानगी दिलेली नाही, ते मी आठवण करून देते आणि ते ऐकलं न ऐकलं करतात.

श्रावणात वास्कोला आलात तर पेट्यांपाशी बघा. ज्याच्या मांडीवर शालीची वळकटी असेल, तो आमचा.

तुमची,
कोपऱ्यातल्या खाटेची लेक, डिचोली