कॅरोलिना मरिनचे गुडघे आणि आपल्या मुलींचे प्रशिक्षण

मा. संपादक,
स. न. वि. वि.

बॅडमिंटनपटू कॅरोलिना मरिनचे नाव मराठी क्रीडा पानांवर येते ते बहुतेक वेळा सायना किंवा सिंधूची प्रतिस्पर्धी म्हणून. त्यात नवल नाही. 2015 साली ऑल इंग्लंडच्या आणि जकार्त्यातील जागतिक स्पर्धेच्या अशा दोन्ही अंतिम फेऱ्यांत तिने सायनाला हरवले. 19 ऑगस्ट 2016 रोजी रिओत सिंधूविरुद्ध पहिला गेम गमावून 19-21, 21-12, 21-15 असे सुवर्ण जिंकले. 2018 मध्ये नानजिंगला पुन्हा सिंधूलाच 21-19, 21-10 असे नमवून तिसरे जागतिक विजेतेपद मिळवले. महिला एकेरीत तीन जागतिक विजेतेपदे मिळवणारी ती पहिलीच, आणि या गटात ऑलिम्पिक सुवर्ण जिंकणारी आशियाबाहेरची पहिली खेळाडूही तीच. स्पेनमधल्या वेल्वा शहरातली फ्लामेंको नाचणारी मुलगी, चौदाव्या वर्षी घर सोडून माद्रिदच्या क्रीडा निवासात गेली आणि फर्नांडो रिवास या प्रशिक्षकाच्या हाताखाली घडली. एवढे बहुतेक वाचकांना ठाऊक असेल.

मात्र शाळकरी मुलींना हा खेळ शिकवणाऱ्यांनी तिच्या कारकिर्दीतल्या आणखी तीन तारखा लक्षात ठेवायला हव्यात. 27 जानेवारी 2019, जकार्ता : इंडोनेशिया मास्टर्सच्या अंतिम फेरीत सायनाविरुद्ध 10-4 अशी आघाडी असताना उजव्या गुडघ्याचे एसीएल, म्हणजे गुडघ्याच्या मध्यातले पुढचे लिगामेंट (हाडे जोडणारा बंध), तुटले. 1 जून 2021 : टोकियो ऑलिम्पिक जेमतेम दोन महिन्यांवर असताना डाव्या गुडघ्याचे एसीएल तुटल्याचे आणि दोन्ही मेनिस्कस (सांध्यातल्या कूर्चेच्या गाद्या) फाटल्याचे तिने जाहीर केले. 4 ऑगस्ट 2024, पॅरिस : उपांत्य फेरीत चीनच्या ही बिंगजियाओ या खेळाडूविरुद्ध पहिला गेम 21-14 जिंकून दुसऱ्यात 10-6 अशी पुढे असताना पुन्हा उजवा गुडघा. पट्टा बांधून ती कोर्टवर परतली, आणखी दोन गुण गेले आणि 10-8 वर तिला थांबावे लागले. नंतरच्या तपासणीत पुन्हा एसीएल आणि दोन्ही मेनिस्कस असेच निदान झाले.

हे एकट्या मरिनचे दुर्दैव मानून पुढे जाता येत नाही. 2012 च्या लंडन ऑलिम्पिकमध्ये सायनाला कांस्यपदक मिळाले, ते चीनच्या वांग शिनने पहिला गेम जिंकल्यावर गुडघ्याच्या दुखापतीने सामना सोडला म्हणून. रिओच्या उपांत्य फेरीत मरिनशी खेळताना चीनच्या ली श्वेरुईच्या डाव्या गुडघ्याचे एसीएल गेले. कांस्यपदकाचा सामना ती खेळूच शकली नाही आणि पुढची दीड वर्षाहून अधिक ती खेळाबाहेर राहिली. टोकियोत गतविजेती मरिन नव्हती. पॅरिसमध्ये जे झाले ते वर लिहिलेच आहे. म्हणजे लागोपाठ चार ऑलिम्पिकमध्ये महिला एकेरीच्या निकालावर कुणाच्या तरी गुडघ्याची छाया होती. रिओनंतर सायनालाही गुडघ्याची शस्त्रक्रिया करावी लागली. एवढ्या वेळा घडणाऱ्या गोष्टीला अपघात म्हणून सोडून देता येणार नाही. ती कशी घडते हे ठाऊक आहे आणि ती बऱ्याच अंशी टाळता येते. म्हणूनच हे पत्र.

मरिन डावखुरी आहे आणि 2019 व 2024 या दोन्ही वेळा तिचा गुडघा उजवा होता. ली श्वेरुई उजव्या हाताने खेळायची. तिचा गेला डावा. बॅडमिंटनमध्ये एसीएल तुटण्याचे एक ठरलेले ठिकाण आहे : बॅकहँडच्या, म्हणजे रॅकेटच्या हाताविरुद्धच्या, बाजूचा मागचा कोपरा. शटल त्या कोपऱ्यात उंच येते, खेळाडू उडी मारून डोक्यावरून फिरवून, म्हणजे 'राउंड द हेड', मारते आणि रॅकेटच्या विरुद्ध बाजूच्या एकाच पायावर उतरते. शटलपर्यंत पोचायला थोडा जरी उशीर झाला, तरी कंबरेपासून वरचे शरीर त्या बाजूला कलते. सगळा भार एका पायावर येतो, गुडघा जवळजवळ सरळ असतो आणि तो आत वळतो. पाऊल मॅटला चिकटलेले, नडगी पुढे सरकतेय आणि पिळतेय, अशा वेळी एसीएल तुटते. इतर खेळांतल्या चित्रफितींच्या अभ्यासांतून दिसते की पाय टेकल्यापासून साधारण 40 मिलिसेकंदांत सगळे आटोपलेले असते. तेवढ्यात कोणालाही विचार करून पाय सावरता येत नाही. योग्य उतरणे अंगवळणीच पडलेले असावे लागते.

वयात येताना मुलींची उंची भराभर वाढते, पण मांडीच्या मागच्या आणि कुल्ह्याच्या स्नायूंची ताकद त्या वेगाने वाढत नाही. त्यामुळे उडी मारून उतरण्याच्या आणि झटकन दिशा बदलण्याच्या खेळांत मुलींना ही दुखापत मुलांच्या मानाने दुपटीहून अधिक होते. म्हणून काम सुरू करायचे ते अकरा-बाराव्या वर्षी. सोळाव्या वर्षी राज्य निवड चाचणी तोंडावर आली की मग सुरू करून उपयोग नाही. आठवड्यातून किमान दोन-तीनदा, दर वेळी 15 ते 20 मिनिटे आणि हंगामभर असा सराव झाला, तर मुलींमधल्या एसीएलच्या दुखापती सुमारे निम्म्यावर येतात, हे अनेक खेळांतल्या अभ्यासांतून दिसले आहे. हा सराव सत्राच्या सुरुवातीला, अंग गरम झाल्यावर लगेच घ्यावा. शेवटी उरलेल्या वेळात घेतला तर थकलेले पाय चुकीचेच उतरणे पक्के करतात.

सुरुवात 20 ते 30 सेंटिमीटर उंचीच्या भक्कम पाटावरून खाली उतरण्याने करावी. दोन्ही पायांवर, आवाज न करता, आधी चवडा आणि मग टाच, गुडघे वाकलेले व पायाच्या दुसऱ्या बोटाच्या रेषेत. उतरल्यावर दोन सेकंद तसेच थांबायचे. पाच-पाचचे तीन संच. पहिले दोन आठवडे एवढेच. मोबाइल समोर कमरेच्या उंचीवर ठेवून तीन उड्या चित्रित केल्या की कोणाचा गुडघा अंगठ्याच्या आत जातो ते मुलीला स्वतःलाच दिसते. त्यासाठी महागडे यंत्र लागत नाही. मग एका पायावर उतरणे, नंतर बाजूला उडी मारून एका पायावर थांबणे, आणि त्यानंतर रॅकेट हातात घेऊन बॅकहँड कोपऱ्याकडचे शॅडो, म्हणजे शटलशिवायचा सराव : सहा वेळा जाऊन मारायचे, उतरल्यावर दोन सेकंद पुतळा, असे तीन संच. इथे एक चूक हमखास होते. प्रशिक्षक पुतळ्यावरच थांबतात. सामन्यात कोणी थांबत नाही. पाय टेकताक्षणी मध्याकडे परतायचे असते. म्हणून तीन-चार आठवड्यांनी थांबणे काढून टाकून तोच गुडघा तसाच ठेवत लगेच परतण्याचा सराव घ्यावा, आणि मग शटल टाकून. हा टप्पा गाळला तर व्यायामात सुरेख उतरणारी मुलगी सामन्यात पूर्वीसारखीच उतरते.

ताकदीसाठी मांडीच्या मागच्या स्नायूंचा नॉर्डिक व्यायाम उत्तम. गुडघ्यांवर उभे राहायचे, जोडीदाराने घोटे घट्ट धरायचे आणि कंबर न मोडता जमेल तितके सावकाश पुढे झुकायचे. सुरुवात तीन ते पाच वेळांचे दोन संच, आठवड्यातून एकदा-दोनदा. पहिल्याच दिवशी दहा-दहाचे तीन संच घेतले तर दोन दिवस मुलीला जिना उतरवत नाही आणि ती पुन्हा नाव काढत नाही. जोडीला प्रत्येक बाजूचा 20 ते 30 सेकंदांचा साइड प्लँक (कुशीवर, एका कोपरावर शरीर सरळ तोलून धरणे) आणि एका पायावरच्या उठाबशा. वजन उचलले की मुलींची उंची खुंटते, ही पालकांची भीती निराधार आहे. देखरेखीखाली, योग्य पद्धतीने आणि बेताचे वजन या वयात चालते.

आता शिकवण्याच्या एका सवयीबद्दल, कारण आमच्या मते मूळ दुखणे तिथे आहे. आपल्याकडे बॅकहँड कच्चा असला की मुलीला सांगितले जाते, 'बॅकहँड मारू नको, फिरून मार.' वेळेत पोचली असेल तर ते बरोबरच आहे. राउंड द हेडमधून स्मॅश बसतो, ड्रॉप बसतो. पण उशीर झालेला असतानाही ती फिरायला जाते आणि नेमकी त्या वाकड्या उतरण्यात सापडते. नियम सोपा ठेवावा : शटल खांद्याच्या मागे गेले की बॅकहँड, मग तो अर्ध्या कोर्टात पडला तरी चालेल. एक गुण जाईल. त्यासाठी बॅकहँड क्लिअर (शटल उंच, मागच्या रेषेपर्यंत मारणे) आणि बॅकहँड ड्रॉप (जाळीजवळ हळूच टाकणे) बाराव्या-तेराव्या वर्षापासून नियमाने शिकवावे लागतात. मल्टी-शटलच्या, म्हणजे एकामागून एक शटल टाकण्याच्या, सरावातही सत्राच्या शेवटच्या वीस मिनिटांत त्या कोपऱ्यात भराभर शटल टाकणे बंद करावे. वीस शटलचा संच, नंतर निदान मिनिटभर विश्रांती, आणि पाय घसटू लागले की संच तिथेच तोडायचा.

पुढच्या कोपऱ्यातल्या लंजची, म्हणजे लांब पाऊल टाकून झुकण्याची, दुखापत वेगळी. तिथे रॅकेटच्या बाजूचा गुडघा आणि त्यातही वाटीखालचा टेंडन दुखावतो. 2023 च्या हांगझो आशियाई स्पर्धेच्या अंतिम सामन्यात दक्षिण कोरियाच्या आन से-यंगचा उजवा गुडघा दुखावला होता, तरी तिने तो सामना जिंकला. लंजमध्ये टाच आधी टेकावी आणि पाऊल शटलच्या दिशेने असावे. ते आत वळले की गुडघा पिळला जातो.

कोर्टाबद्दल बोलायलाच हवे. लाकडी, खालून दबणारी जमीन आणि त्यावर मॅट ही खरी रचना. अनेक सभागृहांत सिमेंटवर किंवा फरशीवर थेट मॅट अंथरलेली असते. ती दिसायला सारखीच, पण धक्का पायांनाच सोसावा लागतो. जमीन लगेच बदलता येत नसेल तर अशा ठिकाणी उड्यांची संख्या कमी ठेवावी आणि ताकदीचे व्यायाम वाढवावेत. मॅटवरचा घाम प्रत्येक गेमच्या मध्ये पुसावा. धावण्याचे बूट कोर्टवर नकोत. त्यांची टाच उंच असते, घोटा मुरगळतो. नव्या गमसोल (रबरी तळाच्या) बुटांची पकड सुरुवातीला जास्त असते, त्यामुळे ते आधी दोन-तीन सरावांत वापरावेत, थेट स्पर्धेत घालू नयेत.

स्पर्धांच्या रचनेचाही यात वाटा आहे. तीच मुलगी 15, 17 आणि 19 वर्षांखालील तिन्ही गटांत, एकेरीत आणि दुहेरीतही उतरते आणि एका दिवसात तिचे चार-पाच सामने होतात. जिल्हा संघटनांनी एका खेळाडूला दिवसाला किती सामने आणि दोन सामन्यांत किती विश्रांती हे लेखी ठरवून पाळावे. पालकांनीही प्रवेशिका भरताना हात आखडता घ्यावा.

दुखापत झालीच तर? 'कट्' असा आवाज आला आणि एक-दोन तासांत गुडघा सुजला, तर एसीएल तुटल्याचे गृहीत धरूनच चालावे. तेल, चोळणे, हाडवैद्याकडून 'बसवून घेणे' यांतले काही करू नये. फडक्यात गुंडाळलेला बर्फ 15-20 मिनिटे, दाबपट्टी, पाय उंचावर, चालायला कुबड्या आणि एक-दोन दिवसांत अस्थिरोगतज्ज्ञ. सूज उतरली, चालता आले म्हणजे बरे झाले असे नाही. नेमकी त्याच आठवड्यात मुलगी पुन्हा कोर्टवर जाते, गुडघा निसटतो आणि मेनिस्कसही फाटतो. शस्त्रक्रिया ठरली तर आधी सूज घालवून गुडघा पूर्ण सरळ होईपर्यंत व्यायाम करून घ्यावा. मेनिस्कस शिवता येतो का, हे पालकांनी डॉक्टरांना स्पष्ट विचारावे. शिवला तर परतायला उशीर लागतो, पण काढून टाकला तर पुढे सांध्याची झीज लवकर होते.

परतण्याच्या घाईबद्दल मरिनचेच उदाहरण दिले जाते. 2019 च्या शस्त्रक्रियेनंतर ती आठ महिन्यांच्या आत खेळू लागली आणि 22 सप्टेंबरला चांगझोत तैवानच्या ताई त्झू यिंगला हरवून चायना ओपन जिंकलीही. तिच्यामागे पूर्णवेळ डॉक्टर, फिजिओ आणि ताकदीचे प्रशिक्षक होते. 2024 ची दुखापत त्या घाईमुळे झाली असे म्हणायला आधार नाही, आणि आम्ही तसे म्हणतही नाही. पण चौदा वर्षांच्या मुलीसाठी तो नमुना होऊ शकत नाही. पंचविशीच्या आत शस्त्रक्रिया होऊन खेळात परतणाऱ्यांपैकी जवळजवळ चौथ्या हिश्श्याचे त्याच किंवा दुसऱ्या गुडघ्याचे एसीएल पुन्हा तुटते. म्हणून किमान नऊ महिने, आणि नऊ महिने झाले तरी मांडीच्या पुढच्या स्नायूची ताकद व एका पायावरच्या उडीचे अंतर चांगल्या पायाच्या 90 टक्के होईपर्यंत सामना नाही. या चाचण्या न घेता 'डॉक्टरांनी परवानगी दिली' एवढ्यावर मुलीला खेळवू नये.

आपल्या दैनिकाला एक विनंती. खेळाडूने सामना सोडल्याची बातमी देताना 'दुखापतीमुळे माघार' एवढ्यावर न थांबता कोणता गुडघा, कोणता भाग, कोणत्या हालचालीत आणि परतायला किती महिने, हे जेव्हा जाहीर होते तेव्हा जरूर छापावे. जिल्हा आणि राज्य स्पर्धांच्या निकालांतही ज्या मुलींनी मध्येच सामना सोडला त्यांची नोंद निकालाशेजारी असावी. हंगामाच्या शेवटी त्या नोंदी एकत्र पाहिल्या, तर कोणत्या वयोगटात आणि कोणत्या सभागृहात गुडघे जात आहेत हे संघटनांना समजेल.

कळावे,
शाळकरी मुलींना बॅडमिंटन शिकवणारे काही प्रशिक्षक व फिजिओथेरपिस्ट, ठाणे