ताईचं बाळंतपण आणि तिचं मन

ती. आई-बाबा,
सा. न.

ताईच्या बाळंतपणाची तयारी कशी करायची हे मी तुम्हाला सांगायला नको. मला लिहायचंय ते त्यानंतरच्या तिच्या मनाबद्दल. डॉक्टर तिला अधूनमधून दहा मिनिटं बघतील. रात्री तीन वाजता ती कशी आहे, हे मात्र तुम्हालाच दिसणार आहे.

पहिल्या आठवड्यात ती रडली तर घाबरू नका. वार पडली की इस्ट्रोजेन आणि प्रोजेस्टेरॉन ही संप्रेरकं दोन दिवसांत झपाट्याने खाली येतात. त्यामुळे तिसऱ्या-चौथ्या दिवशी उगाच रडू येणं, चिडचिड होणं हे बहुतेक बाळंतिणींच्या वाट्याला येतं आणि दोन आठवड्यांच्या आत आपोआप ओसरतं. ते ओसरलं नाही, उलट वाढत गेलं, तर ते प्रसूतीनंतरचं नैराश्य असू शकतं. साधारण सात आयांमागे एकीला ते होतं. त्याची सुरुवात गरोदरपणातही होते आणि बाळ सहा-आठ महिन्यांचं झाल्यावरही. म्हणून ‘आता इतके महिने झाले, आता कसलं काय’ असं कृपा करून म्हणू नका.

नैराश्य म्हणजे सतत रडणंच असं नाही. काही जणी रडतच नाहीत, नुसत्या रागावतात, नाहीतर यंत्रासारखं सगळं करत राहतात. बाळाविषयी काहीच वाटत नाही, ‘मी वाईट आई आहे’ हे पुन्हा पुन्हा तोंडी येतं, जेवणावरची वासना जाते. माझ्या मते सगळ्यात बोलकी खूण झोपेची: बाळ गाढ झोपलंय, घर शांत आहे, आणि तरी तिचा डोळा लागत नाही.

आई, तू तिला ‘बरी आहेस ना?’ असं विचारू नकोस, त्यावर ‘हो’च येतं. ‘गेल्या आठवड्यात कशाचं तरी हसू आलं का?’ असं विचार. बाळंतपणानंतरचं नैराश्य ओळखायला १९८७ सालापासून वापरात असलेल्या एडिनबर्ग प्रश्नावलीची सुरुवातही हसू येण्याच्याच प्रश्नाने होते. गेल्या सात दिवसांबद्दलचे १० प्रश्न, एकूण गुण ३०, वेळ पाच मिनिटं. १३ किंवा जास्त गुण आले तर डॉक्टरांकडे जायचंच. काही डॉक्टर १० गुणांनाही पुढची तपासणी करतात. त्यावरून निदान होत नाही, पण बोलायला धागा मिळतो. शेवटचा प्रश्न स्वतःला इजा करून घेण्याच्या विचारांचा आहे. त्याला ‘कधीच नाही’ सोडून दुसरं कोणतंही उत्तर आलं तर बेरीज न बघता त्याच दिवशी डॉक्टर गाठायचे, आणि तोवर तिला एकटीला सोडायचं नाही. हा प्रश्न थेट विचारल्याने तसा विचार डोक्यात शिरत नाही. उलट तो बोलता येतो.

‘बाळ माझ्या हातून पडेल’, ‘माझ्याकडून त्याला काही होईल’ असे नको असलेले विचार अनेक आयांना येतात आणि त्या स्वतःच त्यांना घाबरतात. तिने असं सांगितलं तर दचकू नका, बाळ तिच्याकडून हिसकावून घेऊ नका. ऐकून घ्या आणि डॉक्टरांना सांगा. याहून वेगळं म्हणजे दोन-तीन रात्री न झोपताही ती उत्साहात आहे, नसलेले आवाज ऐकतेय, बाळाबद्दल भलतंच काही ठामपणे मानतेय, गोंधळलेली आहे. हा प्रसूतीनंतरचा सायकोसिस, म्हणजे वास्तवाचं भान सुटणं. हजारात एक-दोघींनाच होतो, बहुधा पहिल्या दोन आठवड्यांत, आणि फार वेगाने वाढतो. त्यात तासही घालवायचा नाही: सरळ रुग्णालयात न्यायचं, आणि तिला बाळासोबत एकटं ठेवायचं नाही.

डॉक्टरांकडे जाताना झोप किती तास, जेवण किती, कोणती वाक्यं पुन्हा पुन्हा येतात, हे कागदावर लिहून न्या. स्त्रीरोगतज्ज्ञांपासून सुरुवात करा. बाळाच्या लसीच्या वेळी बालरोगतज्ज्ञांना विचारलंत तरी चालेल. थायरॉइड आणि हिमोग्लोबिनची तपासणी होतेय ना, ते बघा. बाळंतपणानंतर थायरॉइड बिघडतं तेव्हा थकवा आणि उदासी अशीच दिसते. पूर्वी कधी उत्साहाचा अतिरेकी झटका येऊन गेला असेल तर ते आवर्जून सांगा, कारण अशा वेळी नुसत्या नैराश्याच्या गोळ्या उलटू शकतात.

सौम्य त्रासाला बहुधा समुपदेशन पुरतं. औषध लागलं तर ‘दूध पाजतेय, गोळ्या नकोत’ म्हणून अडवू नका. सर्ट्रालिनसारखं औषध दुधात फार कमी उतरतं, म्हणून स्तनपान चालू असताना ते बऱ्याचदा निवडलं जातं. फरक दिसायला दोन ते चार आठवडे लागतात. बरं वाटलं म्हणून गोळ्या आपल्या मनाने थांबवायच्या नाहीत. बहुधा पुढे निदान सहा महिने तरी घ्याव्या लागतात.

औषधाइतकीच महत्त्वाची तिची झोप. रात्री सलग चार-पाच तास तिला कुणी उठवू नये, अशी पाळी लावा. एका वेळचं दूध आधी काढून ठेवा, आणि बाबा, ते पाजायचं काम तुम्ही घ्या. आलेल्यांना लवकर निरोप देण्याचं कामही तुमचंच.

भावजींवरही लक्ष असू द्या. नव्या बापांपैकी साधारण दहातल्या एकालाही हा त्रास होतो, आणि त्याला विचारायला सहसा कुणी जात नाही.

तुमची,
धाकटी