देखण्या फॉन्टची जागा

संपादक महोदय,

दुकानाच्या पाटीपासून लग्नपत्रिकेपर्यंत सध्या नाशकात जाड-बारीक रेघांत टोकाचा फरक असलेले सेरिफ (रेघांच्या टोकांना छोट्या आडव्या रेघा असलेले) फॉन्ट सर्रास वापरले जात आहेत. ते देखणे आहेत, यात वाद नाही. पण ते कुठेही लावले जातात, म्हणून हे पत्र.

या वळणाचा उगम १८व्या शतकाच्या अखेरचा. पॅरिसचे फर्मिन दिदो आणि पार्माचे जांबात्तिस्ता बोडोनी ही त्यातली मोठी नावे. उभी रेघ ठसठशीत, आडवी केसाएवढी. तांब्याच्या पत्र्यावर कोरलेल्या अक्षरांची नजाकत खिळ्यांत, म्हणजे छपाईच्या धातूच्या अक्षरांत, उतरवायची, हा ध्यास. गुळगुळीत कागदामुळे तो साधला. कोरीव पत्र्यात शाई खाचेत बसते, म्हणून केसासारखी रेघही शाबूत उमटते. नोटेवरच्या बारीक रेघा नोटांचा छापखाना असलेल्या आपल्या नाशिकरोडकरांना सांगायला नकोत. सपाट पत्र्यावरून होणाऱ्या नेहमीच्या ऑफसेट छपाईत ती सोय नाही, न्यूजप्रिंटवर, म्हणजे वर्तमानपत्राच्या कागदावर, तर नाहीच. तिथे शाई पसरते. काळ्यावर पांढरे अक्षर असेल तर बारीक रेघ बुजते, आणि मागे चार रंग असतील तर रजिस्ट्रेशन, म्हणजे रंगांची एकमेकांवरची जुळणी, जरा हलले तरी ती गायब होते.

देवनागरीत तोटा जास्त. बोरूच्या कापामुळे डावीकडून उजवीकडे उतरणारी तिरकी रेघ मुळातच बारीक, आणि पोटफोड्या ‘ष’ला ‘प’पासून, ‘ब’ला ‘व’पासून वेगळे करते ती नेमकी हीच. ती उडाली की ‘विशेष’चे ‘विशेप’ होते. ‘रोझा वन’सारखा फॉन्ट मथळ्यासाठीच आहे. वधूवरांची नावे ३० पॉइंटला त्यात खुलतात. मुहूर्त नि पत्ता मात्र ११-१२ पॉइंटला, कमी फरकाच्या दुसऱ्या फॉन्टात द्यावा. सर्वांत बारीक रेघ काळ्या शाईत पाव पॉइंट, रिव्हर्समध्ये (गडद रंगावर पांढऱ्या अक्षरांत) अर्ध्या पॉइंटपेक्षा कमी नसावी. सोनेरी फॉइलला त्याहूनही जाड लागते. काही डिझायनर रेघ वाचवायला अक्षराला आउटलाइन देतात. त्याने जाड रेघाही फुगतात, अक्षरांच्या आतल्या पोकळ्या भरतात आणि ज्यासाठी फॉन्ट निवडला ते सौंदर्यच जाते! पडद्यावर मोठे करून तपासण्यात अर्थ नाही. त्याच कागदावर, खऱ्या मापात प्रूफ काढावे.

खरी काळजी सिंहस्थाच्या दिशाफलकांची आहे. परगावच्या भाविकाला गाडीतून ‘बस स्थानक’ क्षणभरातच वाचायचे असते. चकाकणाऱ्या पांढऱ्या शीटवरची काळी बारीक रेघ हेडलाइटच्या झोतात दिसेनाशी होते. फलकांच्या निविदेतच एकसारख्या जाडीचा, मोकळ्या पोकळ्यांचा फॉन्ट नमूद करावा. स्वागतकमानीवर हवी तेवढी नजाकत दाखवावी, तिथे माणूस थांबून पाहतो. आणि फलकाचा एक नमुना आधी रात्री, रस्त्यावर उभा करून, गाडीच्या उजेडात दुरून वाचून पाहावा; मगच बाकीचे छपाईला द्यावेत.

— एक मुद्रण व्यावसायिक, नाशिक