मावशी, तुमच्या कोंबड्यासाठी मनापासून आभार

प्रिय मावशींस,
सप्रेम नमस्कार.

हे पत्र तुमच्या नातीच्या फोनवर पाठवतेय, ती वाचून दाखवेल. पण लिहितेय सगळ्यांसमोर, कारण घरच्या चार-सहा कोंबड्यांसाठी गरीब स्वभावाचा कोंबडा शोधणाऱ्या प्रत्येकाला तुमच्यासारखं माणूस भेटतंच असं नाही. निदान तुम्ही शिकवलेलं तरी त्यांच्यापर्यंत पोचावं.

आमच्या परड्यातल्या कोंबड्या तुम्हाला ठाऊक आहेत. पायांवर पिसं असलेल्या तीन बुटक्या कोचीन बँटम आणि दोन गावठी, त्याही अंगाने लहानच. नुसत्या अंड्यांसाठी कोंबडा लागत नाही. पण आमच्या बँटम वरचेवर खुडूक व्हायच्या, पिल्लू न धरणाऱ्या पोकळ अंड्यांवर दिवसच्या दिवस बसून राहायच्या, दाणापाणी सोडून वाळायच्या. त्यांच्या पोटाखाली त्यांचीच पिल्लं निघावीत असं फार वाटायचं. बाजारातून आणलेला गिरिराज या मोठ्या जातीचा नर त्यांना पेलणारा नव्हता. कोंबड्यांच्या पाठीची पिसं गेली, एकीला त्याच्या पायामागचं अणकुचीदार नख लागून बगलेत जखम झाली. आणि ‘एकदम शांत आहे’ म्हणून दिलेला तो पक्षी आमच्या पाच वर्षांच्या लेकीच्या अंगावर धावून जायला लागला. ती परड्यात पाऊल टाकेना. तेव्हा ओळखीतल्या एकांनी तुमचं घर सांगितलं आणि मी गगनबावडा रस्त्याने तुमच्या दारात येऊन उभी राहिले.

तुमच्याकडे तेव्हा दोन बँटम नर होते. एक सोनेरी, शेपटीला हिरवी झाक, तुरा लालभडक. मी त्याच्याकडेच बघत होते. दुसरा करडा, अंगाने बारका, कोपऱ्यात माती उकरणारा. सोनेरी नर मी तुम्ही मागाल ती किंमत देऊन नेला असता, आणि तुम्हाला पैसेही जास्त मिळाले असते. तुम्ही म्हणालात, “ह्यो न्हिऊ नगंस. दिसायला झ्याक हाय, पर पायावर येतोय. तुझ्या घरात ल्हान पोर हाय.” या एका वाक्यासाठी मी तुमची जन्मभर ऋणी राहीन. स्वतःच्या मालाचं उणं गिऱ्हाइकाला स्वतःहून सांगणारी माणसं किती असतात?

नुसतं सांगून तुम्ही थांबला नाहीत, दाखवलंत. मूठभर तांदळाची कणी अंगणात टाकलीत. सोनेरी नराने कोंबड्यांना टोचून बाजूला सारलं आणि स्वतः खायला लागला. करड्याने एक कण चोचीत उचलला, खाली टाकला, परत उचलला, आणि टुकटुक करत कोंबड्यांना बोलावू लागला. त्या जमून खायला लागल्या तरी त्याचं स्वतःचं खाणं सुरू झालं नव्हतं. मग तुम्ही बादली घेऊन नर आणि कोंबड्यांच्या मधून चालत गेलात. सोनेरी नराने एक पंख जमिनीपर्यंत सोडला आणि तिरका तिरका सरकत तुमच्या पायांशी आला. करडा नुसता बाजूला झाला. शेवटी एक कोंबडी उचललीत, ती ओरडली. करडा धावत आला, त्याने गलका केला, मान फुलवली, पण तुमच्या हाताला चोच लावली नाही. कोंबड्यांची काळजी आहे आणि माणसाचा राग नाही, असा नर ओळखायचा तो असा.

त्यानंतर तुम्ही करड्याचा बाप दाखवलात. म्हातारा झालेला, तुमची नात काखेत घेऊन फिरते तो. स्वभाव रक्तातून उतरतो, म्हणून नर बघताना बाप बघायचा, हे मला कुणीच सांगितलं नव्हतं. तीन महिन्यांच्या नरावरून काही कळत नाही, पाच-सहा महिन्यांत वयात आला की त्याचं खरं रूप दिसतं, म्हणून वर्षाचा पुरता झालेलाच न्यावा, हेही तुमचंच. आणि एक गोष्ट तर मला फार पटली: “मांडीवर वाढीवल्याला कोंबडा माणसाला बी कोंबडाच समजतोय.” पिल्लू असताना फार लाडावलेला नर मोठेपणी माणसाशीच भांडायला उठतो. शांत नर हवा म्हणून पिल्लाला दिवसभर हातात घेऊन बसणाऱ्यांनी हे जरूर ऐकावं.

करड्याला घरी आणल्यावर तुम्ही सांगितल्याप्रमाणे तीन-चार आठवडे वेगळ्या खुराड्यात ठेवलं. पायांवरच्या पिसांत खवल्यांखाली किडे लपतात, म्हणून पिसं बाजूला सारून रोज बघितलं. पिसांत राख घातली. आमच्याकडचा पाऊस तुम्हाला सांगायला नको. चिखलाने या जातीच्या पायांची पिसं गच्च होतात, म्हणून खुराड्यात भाताचं तूस वरचेवर बदलते. मग एका रात्री अंधारात त्याला कोंबड्यांच्या शेजारी दांडीवर बसवलं. सकाळी जरा कुरबुर झाली, दुपारपर्यंत सगळं निवळलं.

मावशी, वजनाला हा किलोच्या आतला, पण परडं सांभाळतो. वर शिक्रा दिसला की लांबट, बारीक आवाज काढतो आणि कोंबड्या शेवग्याखाली गडप होतात. कुंपणातून मुंगूस किंवा मांजर आलं तर आवाज निराळा, कटकटकटाक असा, थांबतच नाही. आता मला घरात बसून कळतं, डोकं वर करून बघायचं की कुंपणाकडे धावायचं. कोंबड्यांच्या पाठी पुन्हा पिसांनी भरल्या. लेक हातात दाणे घेऊन परड्यात बसते. तो तिच्या तळहातातला दाणा उचलतो, खाली टाकतो आणि कोंबड्यांना हाक मारतो. तिला वाटतं, तिने दिलेला खाऊ तो सगळ्यांत वाटतोय. तिचं खरंच आहे की!

काळी बँटम खुडूक झाली तेव्हा तिच्याखाली अंडी ठेवली. एकविसाव्या दिवशी पिल्लं निघाली. मानमोडी, म्हणजे राणीखेत रोग, येऊ नये म्हणून सातव्या दिवशी लासोटा लशीचा थेंब डोळ्यात घातला, आठव्या आठवड्यातली लसही टोचून घेतली. तुरे बघता त्यांतले दोन नर असावेत. तुमचा म्हातारा आता थकलाय, आणि त्याच्या वंशातला दुसरा नर तुमच्याकडे उरलेला नाही, हे मी विसरलेले नाही. दोघं वयात येईपर्यंत इथेच ठेवते. दिवाळीनंतर दोघांनाही घेऊन येईन. कणी टाकून, बादली घेऊन तुम्हीच पारखा, आणि जो पसंत पडेल तो तुमच्याकडे ठेवून घ्या.

तब्येतीला जपा. लोभ आहेच, तो वाढावा.

तुमची,
कोल्हापूरची लेक