पोराची इम्युनिटी कमी नाहीये, ती नको तिथे जमतेय

संपादक साहेब,
स.न.वि.वि.

पावसाळा लागला की तुमच्या आरोग्य पानावर 'इम्युनिटी वाढवा' छाप लेख येतात आणि दुसऱ्या दिवशी लोक मोबाईलमध्ये त्याचा फोटो घेऊन माझ्या मेडिकलवर हजर. परवा एक ताई आल्या, कडेवर चार वर्षांचा मुलगा, रात्रभर खोकून डोळे सुजलेले, छातीतून शिट्टीसारखा आवाज, हातात दम्याची चिठ्ठी, आणि म्हणतात दादा यासोबत इम्युनिटीचं पण काहीतरी द्या ना, पोराची ताकदच कमी पडते. मला फार वाईट वाटलं हो, कारण त्या पोराच्या रोगाशी लढणाऱ्या पेशी कमी नाहीत, त्या श्वासनळीत नको तेवढी गर्दी करतायत.

आता त्या तिथे पोचतात कशा, हे कुणी लिहितच नाही. आपल्या प्रत्येक पेशीच्या आवरणात फॅट असतं, सूज सुरू झाली की त्यातून अ‍ॅराकिडोनिक अ‍ॅसिड सुटतं आणि त्यापासून ल्युकोट्राइन बनतात, म्हणजे फॅटचेच बारीक रेणू. यातला बी-4 आधी न्यूट्रोफिल नावाच्या पांढऱ्या पेशींना हाक मारतो. टी पेशी या दुसऱ्या लढवय्या पांढऱ्या पेशी, त्यांचं वेगळं आहे, ज्या अजून कधी लढल्याच नाहीत त्यांना ही हाक ऐकूच येत नाही, एकदा अ‍ॅक्टिव्हेट झाल्या की मग त्यांच्यावर बीएलटी-1 नावाचा रिसेप्टर, म्हणजे ही हाक ऐकणारा कानच जणू, येतो आणि जिकडे बी-4 जास्त तिकडे त्या सरकतात. 2003 मध्ये उंदरांवरच्या प्रयोगांत हे दिसलं, त्यात दम्यासारखी सूज केलेल्या फुफ्फुसांचे पण प्रयोग होते. ल्युकोट्राइन हे नाव स्वीडनच्या बेंग्ट सॅम्युएलसन यांनी 1979 मध्ये दिलं, 1982 च्या नोबेलमध्ये ते वाटेकरी होते, म्हणजे हे काही कालचं संशोधन नाही. तरी आपल्याकडे फॅट म्हटलं की फक्त पोट आणि कोलेस्टेरॉल!

ताईंच्या चिठ्ठीत माँटेलुकास्ट होतं, 4 एमजीची चघळायची गोळी. ती बी-4 ला नाही, त्याच्या भावंडांना अडवते, म्हणजे श्वासनळी आवळणाऱ्या आणि तिथली सूज वाढवणाऱ्या ल्युकोट्राइनना. म्हणजे एकीकडे डॉक्टर तिथली सूज कमी करायला बघतायत आणि दुसरीकडे आपण घरच्यांना सांगतोय इम्युनिटी अजून वाढवा, त्या बाईने करायचं काय?

अजून एक, हे तुम्ही छापाच. याच औषधाने काही जणांची झोप, मूड, वागणं बिघडू शकतं म्हणून अमेरिकेच्या एफडीएने 2020 मध्ये त्यावर चौकटीतला सगळ्यात कडक इशारा टाकला. मी ताईंना काउंटरवरच सांगितलं, पोरगा रात्री दचकून उठायला लागला, एकदम चिडका झाला तर लगेच डॉक्टरांना फोन करा, आणि गोळी चालू ठेवायची की बंद ते त्यांनाच ठरवू द्या. त्या म्हणाल्या, हे आम्हाला कुणी सांगितलंच नव्हतं. पुढच्या आरोग्य पानावर एवढी एक चौकट मराठीत द्या, मी ती कापून काउंटरच्या काचेवर लावतो.

– एक मेडिकलवाला, नाशिक