काच फुटते ती सीटवरच्या बॅगेमुळे

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

‘पार्किंगमधील मोटारीची काच फोडून ऐवज लंपास’ अशी बातमी आपल्या शहराच्या पानावर वरचेवर असते. ऐवज किती लाखांचा होता आणि गुन्हा कोणत्या ठाण्यात दाखल झाला हे त्यात सांगितलेलं असतं. कोणती काच फुटली, वस्तू गाडीत कुठे ठेवली होती आणि गाडी किती वेळ उभी होती, हे मात्र क्वचितच असतं. वाचणाऱ्याच्या उपयोगाचं नेमकं तेच आहे. आम्ही मोटारींच्या काचा बसवण्याच्या आणि विम्यासाठी नुकसानीची पाहणी करण्याच्या कामातली माणसं आहोत. फुटलेल्या गाड्या पाहून जे कळतं ते वाचकांपर्यंत पोहोचावं म्हणून हे पत्र.

काच फोडणाऱ्या चोराला गाडीशी देणंघेणं नसतं. तो रांगेतून चालत जातो किंवा दुचाकीवर मागे बसून हळू जातो आणि काचेतून आत बघतो. सीटवर किंवा सीटखाली काही दिसलं आणि मालक लवकर येणार नाही असं वाटलं, की त्याचं ठरतं. बॅगेत लॅपटॉप आहे की मुलाचे कपडे, हे त्याला बाहेरून कळत नाही, आणि कळून घ्यायची गरजही नसते. त्यामुळे ‘बॅग रिकामीच होती, म्हणून ठेवली’ या म्हणण्याला अर्थ उरत नाही. रिकाम्या बॅगेसाठीही काच जाते. जॅकेटखाली किंवा चादरीखाली झाकलेली वस्तू तर उघड्या बॅगेपेक्षाही वाईट, कारण झाकण्यासारखं काहीतरी आहे हे त्यातून कळतं. चार्जरची लोंबणारी वायर आणि काचेला चिकटवलेला मोबाइल होल्डर यांनीही आत डोकावायला कारण मिळतं. उतरताना वायर काढून कप्प्यात टाकायला दोन सेकंद पुरतात.

काच इतक्या सहज का फुटते, तेही समजून घ्यायला हवं. पुढची काच लॅमिनेटेड असते. दोन काचांमध्ये प्लॅस्टिकचा थर असतो, म्हणून ती तडकते पण जागेवर राहते. दारांच्या काचा बहुतेक गाड्यांत टफन असतात. ही काच ६०० अंश सेल्सिअसच्या वर तापवून हवेच्या झोताने झपाट्याने थंड केलेली असते. त्यामुळे तिचा पृष्ठभाग दाबाखाली आणि गाभा ताणाखाली राहतो. हाताच्या गुद्द्याला किंवा बोथट फटक्याला ती दाद देत नाही, पण टोकदार, कठीण वस्तूने वरचा थर एका ठिकाणी भेदला की आतला सगळा ताण एकदम मोकळा होतो आणि अख्खी काच खड्यांसारखी खाली येते. आवाजही फार होत नाही. बेचकीतून मारलेला पोलादी छर्रा एवढं काम करतो. म्हणून ‘भर वस्तीत, भर दिवसा कसं कुणाला ऐकू आलं नाही’ या प्रश्नात फारसं तथ्य नाही.

सायरनचंही तेच. कंपनीतून येणारे बहुसंख्य अलार्म दार, बॉनेट किंवा डिकी उघडली तर वाजतात. चोर दार उघडतच नाही. फुटलेल्या काचेतून हात घालून बॅग ओढतो आणि जातो, गाडीच्या लेखी काही घडलेलंच नसतं. धक्का ओळखणारा सेन्सर वेगळा बसवून घेता येतो, पण त्याची संवेदनशीलता जास्त ठेवली तर शेजारून ट्रक गेला तरी गाडी बोंबलते आणि आठवडाभरात मालकच तो बंद करतो. पार्किंगमध्ये चालणारा डॅशकॅम हवा असेल तर तो फ्यूज बॉक्समधून, बॅटरी ठराविक व्होल्टेजखाली गेली की आपोआप बंद होणाऱ्या किटवर जोडावा. लिथियम बॅटरीचा कॅमेरा आपल्याकडच्या उन्हात काचेमागे फुगतो, बॅटरीऐवजी कपॅसिटर (वीज साठवणारा छोटा भाग) असलेला टिकतो. तरीही तो पुरावा देतो, चोरी थांबवत नाही. पैसे खर्च करण्याआधी गाडी रिकामी करण्याची सवय लावावी, असं आमचं स्पष्ट मत आहे.

डिकीविषयी एक गैरसमज आहे. सामान डिकीत ठेवलं की झालं, असं नाही. ते कधी ठेवलं यावर सगळं आहे. पार्किंगमध्ये गाडी लावून, सगळ्यांसमोर डिकी उघडून, त्यात लॅपटॉपची बॅग सरकवून निघून जाणं म्हणजे पाळतीवर असलेल्या माणसाला जागा दाखवणं. सामान निघतानाच डिकीत जावं, नाहीतर मुक्कामाच्या एक-दोन किलोमीटर आधी पेट्रोल पंपावर थांबून हलवावं. हॅचबॅकमध्ये डिकी आणि केबिन एकच असतात, मध्ये फक्त पार्सल ट्रे, म्हणजे सामान झाकणारी आडवी फळी असते. अनेकांनी ती काढून माळ्यावर टाकलेली असते. ती परत लावा. सात आसनी गाडीत तिसरी रांग दुमडली की मागे काहीच झाकलेलं राहत नाही, तिथे मौल्यवान वस्तू ठेवूच नये. सेडानची डिकी वेगळी असली तरी ड्रायव्हरच्या सीटजवळ ती उघडणारा खटका किंवा बटण असतं, आणि काही गाड्यांत मागची सीट केबिनमधूनच दुमडते. काच फुटल्यावर डिकीही फार दूर राहत नाही.

धोका सगळीकडे सारखा नसतो. मालक परत कधी येणार हे ज्या ठिकाणी आधीच ठरलेलं असतं, तिथे तो सर्वांत जास्त. पावसाळ्यात गडाच्या पायथ्याशी पहाटे लावलेली गाडी दुपारपर्यंत तशीच राहणार, हे कुणालाही कळतं. धरणावर, धबधब्यावर, कोकणातल्या किनाऱ्यावर माणसं पाण्यात उतरण्यासाठी मोबाइल, पाकीट, घड्याळ सगळं गाडीत काढून ठेवतात आणि किल्ली चाकावर किंवा बंपरच्या आत लपवतात. ते लपवताना त्यांना पाहणारे असतात. किल्ली पाण्यात चालत नसेल तर एक जण काठावर थांबावा, दुसरा चांगला उपाय नाही. देवस्थानांचं पार्किंग तसंच. शिर्डीसारख्या ठिकाणी मंदिरात मोबाइल नेता येत नाही म्हणून लोक तो गाडीत ठेवतात, आणि दर्शनाची रांग तासांची असते. मोबाइल जमा करण्याच्या काउंटरवरची रांग कंटाळवाणी असली तरी तीच धरावी. परीक्षा केंद्रांचा विचार तर कुणीच करत नाही. आत बॅग चालत नाही, मोबाइल चालत नाही, पेपर तीन तासांचा, आणि बाहेर रस्त्याकडेला उमेदवारांच्या गाड्यांची रांग.

मंगल कार्यालयांबद्दल वेगळं सांगायला हवं, कारण सोनं जातं ते तिथे. बाहेरगावहून येणारं वऱ्हाड दागिने, आहेराची पाकिटं आणि बदलायचे कपडे एकाच बॅगेत आणतं. तयार व्हायला खोली मिळेपर्यंत ती बॅग गाडीतच राहते आणि मग मुहूर्ताच्या गडबडीत विसरली जाते. घरातल्या एका माणसावर फक्त त्या बॅगेची जबाबदारी द्या, आणि त्या माणसाकडे दुसरं कुठलंच काम देऊ नका. लॉनच्या बाहेर अंधाऱ्या शेतात लावलेल्या गाड्यांकडे कार्यालयाचा रखवालदार जातो का, हे आरक्षण करतानाच विचारून घ्या.

काच न फोडताही बॅग जाते. बँकेतून रोकड काढून निघालेल्याच्या गाडीचं चाक पंक्चर केलं जातं, बॉनेटवर ऑइल टाकून ‘साहेब, गळतंय’ म्हणून हाक मारली जाते, दाराजवळ दहा-वीसच्या नोटा टाकून ‘तुमचे पैसे पडले’ म्हणून खुणावलं जातं. चालक उतरला की दुसऱ्या बाजूचं दार उघडून बॅग उचलली जाते. हे जमतं ते सेंट्रल लॉकमुळे: बऱ्याच गाड्यांत चालकाचं दार आतून उघडलं किंवा इंजिन बंद केलं की चारही दारं मोकळी होतात. आपल्या गाडीत नेमकं काय होतं, ते आजच उभ्या गाडीत करून पाहा. अनेक गाड्यांत फक्त चालकाचं दार मोकळं ठेवण्याची सोय मेनूमध्ये किंवा शोरूममध्ये करून मिळते. कुणी काहीही दाखवलं तरी काच वर, लॉक चालू, आणि गाडी हळू चालवत जवळच्या गर्दीच्या पंपापर्यंत न्या. टायर बसला असला तरी थोडं अंतर सावकाश जाता येतं. टायर खराब झाला तर तो रोकडीपेक्षा स्वस्तच. उतरावंच लागलं तर बॅग खांद्यावर, गाडी लॉक, मग खाली वाकायचं. लॉक केल्यावर दाराचं हँडल ओढून पाहायचं. रिमोट दाबला म्हणजे लॉक लागलंच, असं धरून चालू नये.

डॅशबोर्डच्या कप्प्यात मूळ आरसी आणि घराची किल्ली कधीही ठेवू नका. डिजिलॉकर किंवा एमपरिवहनमधली कागदपत्रं तपासणीला कायद्याने चालतात. आरसीवर घरचा पत्ता असतो. पत्ता आणि किल्ली एकत्र गेली तर त्याच दिवशी घराचं कुलूप बदलावं लागतं. गाडीची दुसरी किल्ली गेली तर ती प्रोग्रॅममधून रद्द करून घेईपर्यंत गाडी बंदिस्त जागेत ठेवा.

काच फुटलेली दिसल्यावर लोक घाईने सीट झाडतात. थांबा. आधी चारी बाजूंनी फोटो काढा, सीटवर छर्रा किंवा दगड पडला असेल तर हात लावू नका, ११२ वर फोन करा. पोलिसांना पंचनामा करू द्या. ठाण्यात ‘वस्तू गहाळ’ अशी नोंद करून परत येऊ नका. गहाळ आणि चोरी यांत फरक आहे, विम्यालाही आणि तपासालाही. १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता लागू आहे: चोरीसाठी कलम ३०३, नुकसानीसाठी कलम ३२४. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या (पोलिसांच्या कामकाजाच्या कायद्याच्या) कलम १७३ प्रमाणे हद्द कोणतीही असली तरी माहिती नोंदवून घ्यावी लागते. ती इलेक्ट्रॉनिक मार्गानेही देता येते, मात्र तीन दिवसांत सही करावी लागते. प्रत विनामूल्य मिळते. नोंदवायला नकार मिळाला तर पोलीस अधीक्षकांना लेखी कळवता येतं. फिर्यादीत लॅपटॉपचा सीरियल नंबर आणि मोबाइलचा आयएमईआय (हँडसेटचा ओळख क्रमांक) द्या. हे नंबर घरी वहीत लिहून ठेवलेले असावेत, कारण खोका कधीच सापडत नाही. तक्रारीची प्रत मिळाली की सरकारच्या संचार साथी पोर्टलवरून हँडसेट बंद करता येतो.

सीसीटीव्हीचं चित्रण त्याच दिवशी मागा. रेकॉर्डरची जागा भरली की जुनं पुसून नवं लिहिलं जातं. बघताना पडद्यावरची वेळ आणि आपल्या घड्याळातली वेळ यांतला फरक कागदावर लिहून ठेवा. अनेक रेकॉर्डरची घड्याळं दहा-वीस मिनिटं पुढे-मागे असतात आणि मग शेजारच्या दुकानाच्या कॅमेऱ्याशी मेळ बसत नाही.

दारातली काच फुटली असेल तर पॉवर विंडोचं बटण दाबू नका. निम्मे खडे दाराच्या पोटात पडलेले असतात, ते मशीनमध्ये अडकून तार तुटते आणि खर्च वाढतो. पारदर्शक प्लॅस्टिक मास्किंग टेपने लावा, तपकिरी पॅकिंग टेप रंग ओढून काढते. बाजूचा आरसा दिसतो तो भाग झाकू नका. फुटक्या काचेची गाडी त्या रात्री रस्त्यावर ठेवू नका, तिच्यात दुसऱ्यांदा हात घातला जातो. गॅरेजमध्ये दाराचं पॅड उघडून व्हॅक्युम करवून घ्या, दाराच्या तळाची पाणी जाण्याची भोकं मोकळी आहेत ना ते बघा, नाहीतर पाणी साचून दार आतून गंजतं. सीटबेल्टच्या बकलमध्ये खडा राहिला तर बेल्ट लागतो पण टिकत नाही. हे तपासल्याशिवाय गाडी ताब्यात घेऊ नका.

विम्याबाबत अपेक्षा नीट ठेवा. स्वतःच्या गाडीच्या नुकसानीचा विमा काचेचे पैसे देतो, आणि काचेला घसारा (जुनी झाली म्हणून होणारी कपात) लागत नाही. १५०० सीसीपर्यंतच्या गाडीला १,००० रुपये आणि त्यावरच्या गाडीला २,००० रुपये सक्तीची वजावट आहे, म्हणजे तेवढे आपल्याच खिशातून जातात, शिवाय दावा केला की नो क्लेम बोनस (दावा न केल्याबद्दल हप्त्यात मिळणारी सूट) जाऊ शकतो. एका दाराच्या साध्या काचेसाठी दावा करण्याआधी हा हिशोब मांडा. आतला लॅपटॉप किंवा दागिने मात्र नेहमीच्या पॉलिसीत येत नाहीत. त्यासाठी वैयक्तिक सामानाचं वेगळं संरक्षण घ्यावं लागतं, त्यालाही मर्यादा असते आणि रोकड-दागिने बहुधा वगळलेले असतात. पॉलिसीचे शब्द वाचा. आणि विमा कंपनीचा सर्व्हेअर पाहणीला येण्याआधी काच बदलू नका.

उरला प्रश्न पार्किंगवाल्यांचा. ‘वाहने मालकाच्या जबाबदारीवर’ असा फलक लावला की ठेकेदाराला आपलं काम संपलं असं वाटतं. सर्वोच्च न्यायालयाने नोव्हेंबर २०१९ मध्ये ताज महाल हॉटेलच्या प्रकरणात, व्हॅलेकडे (गाडी लावून देणाऱ्या हॉटेलच्या माणसाकडे) किल्ली दिलेली गाडी चोरीला गेल्यावर, असा मजकूर छापून हॉटेलला निष्काळजीपणाची जबाबदारी झटकता येणार नाही, असं म्हटलं. ते प्रकरण अख्ख्या गाडीचं आणि किल्ली ताब्यात दिल्याचं होतं. स्वतः गाडी लावून किल्ली खिशात नेणाऱ्याला तेवढं पक्कं संरक्षण मिळत नाही. म्हणूनच कोर्टात जाण्याची वेळ येण्याआधी ठेक्याच्या अटी बदलायला हव्यात. महापालिकांनी सशुल्क वाहनतळांच्या निविदांमध्ये या गोष्टी लिहून घ्याव्यात: प्रत्येक रांगेवर प्रकाश, बाहेर पडण्याच्या अडथळ्यापाशी छातीच्या उंचीवर एक कॅमेरा (छताजवळच्या कॅमेऱ्यात हेल्मेटचा वरचा भागच येतो), आत येणाऱ्या दुचाकीचीही नोंद, दर अर्ध्या तासाला रांगांमधून फेरी आणि त्या फेरीची वही, चित्रण किमान तीस दिवस राखणं, आणि काच फुटल्याची प्रत्येक घटना दर्शनी फलकावर तारखेसह लिहिणं. शेवटच्या अटीला ठेकेदार सर्वांत जास्त विरोध करतील. तीच सर्वांत आधी घालावी, आणि आपल्या प्रतिनिधींनी महापालिकेच्या पुढच्या निविदेत ती आहे का ते पाहून छापावं, ही विनंती.

आपले,
मोटार काच आणि विमा पाहणीच्या कामातील काही जण, पुणे