आकडा कुठल्या हद्दीचा, कुठल्या तारखेचा?

महोदय,

स्पर्धा परीक्षांच्या पुस्तकांत आणि वर्तमानपत्रांतल्या तक्त्यांत राज्यांची, शहरांची लोकसंख्या छापताना हद्द आणि तारीख सर्रास गाळली जाते. २०११ च्या जनगणनेत मुंबई महापालिका हद्दीत १ कोटी २४ लाख लोक होते. ठाणे-कल्याणसह नागरी समूह धरला तर १ कोटी ८४ लाख. दोन्ही आकडे बरोबर. पण मुंबईचा समूह घेऊन शेजारी दिल्लीची नुसती महापालिका (१ कोटी १० लाख) मांडली, की तुलनेचा बोजवारा उडतो. आंध्र प्रदेशाचा २०११ चा साडेआठ कोटींचा आकडा तेलंगणासह आहे. आजच्या आंध्रापुढे तो लिहिणे चूकच.

लांब कशाला, आपल्या धुळे जिल्ह्याचे बघा. १९९१ मध्ये सुमारे २५ लाख, २००१ मध्ये १७ लाख ८ हजार! माणसे कुठे गेली नव्हती. १ जुलै १९९८ रोजी नंदुरबार वेगळा झाला आणि त्याचे १३ लाख १२ हजार लोक तक्त्याच्या दुसऱ्या ओळीत गेले. बेरीज केली तर ३० लाखांवर जाते, म्हणजे वाढच. वाढीचा दर काढायचा तर १९९१ च्या आकड्यातून नंदुरबारकडे गेलेली गावे आधी वजा करावी लागतात.

हद्दीची चूक निदान कागदावर सापडते, तारखेची सापडत नाही. २०११ मध्ये माणसांची मोजणी ९ ते २८ फेब्रुवारीत झाली, १ ते ५ मार्च पुन्हा फेरी. या वेळची मोजणीही फेब्रुवारी २०२७ मध्येच आहे. आमच्या जिल्ह्यातल्या अक्कलकुवा, धडगावच्या पाड्यांवरच्या ऊसतोड टोळ्या तेव्हा उसाच्या फडावर असतात, काही गुजरातेत, काही पश्चिम महाराष्ट्रात. होळीला माणूस घरी येतो, पण २०२७ ची होळी मार्चच्या उत्तरार्धात आहे. २०११ च्या नियमाप्रमाणे मोजणीच्या पूर्ण काळात बाहेर असलेला माणूस घरी नोंदायचा नाही, जिथे सापडेल तिथे नोंदायचा. मधे थोडा वेळ जरी घरी येऊन गेला, तर मात्र घरीच. आश्रमशाळेत राहणारी पोरे आश्रमशाळेच्या गावात मोजली जातात.

नियम सरळ आहे, घोळ दारात होतो. घरी म्हातारी एकटी. प्रगणक विचारतो, ‘घरात किती माणसं?’ ती सांगते, ‘आठ.’ आठही लिहिली आणि फडावरच्या प्रगणकाने त्यातली सात तिकडेही लिहिली, तर दुबार. इकडे नियम पाळून गाळली आणि तिकडे कोपीपर्यंत (फडावरच्या तात्पुरत्या झोपडीपर्यंत) कोणी पोचलेच नाही, तर सातही जण देशाच्या बेरजेतून बाद. दुसरा प्रकार जास्त घडत असावा, कारण कोप्यांना घर क्रमांक नसतो आणि टोळी चार दिवसांत पुढच्या फडाला सरकते.

त्यामुळे प्रगणकांच्या प्रशिक्षणात एक प्रश्न पक्का करून घ्यावा: ‘मोजणी सुरू झाल्यापासून यातलं कोण घरी येऊन गेलं?’ तोही पावरी, भिलोरी, अहिराणीत विचारता यायला हवा. आणि साखर कारखान्यांकडून टोळ्यांची यादी, फडांच्या ठिकाणांसह, तहसीलदारांनी जानेवारीतच मागवून घ्यावी. टोळीच्या मुकादमाच्या वहीत कोयत्यांची संख्या असते. एक कोयता म्हणजे नवरा-बायकोची जोडी. सोबतची लेकरे त्यात नसतात, ती वेगळी विचारावी लागतील.

– एक वाचक, शहादा (जि. नंदुरबार)